मुलांचा लॅपटॉप : नाव पाहू नका, नंबर पाहा

बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या याद्या निघाल्या की आपल्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील अनेक घरांत आता एक नवा खर्च दारात येऊन उभा राहतो. फी, वसतिगृह, एसटीचा पास यांच्या जोडीला लॅपटॉप. मुलगा तुळजापूरला अभियांत्रिकीला जावो, मुलगी धाराशिवच्या विद्यापीठ उपकेंद्रात शिको, की दोघे सोलापूर, लातूर, पुणे गाठोत. पहिल्या सत्रापासूनच प्रकल्पाचे अहवाल, टॅलीचे सराव, आकृत्या आणि ऑनलाइन अर्ज सुरू होतात. मोबाईलवर हे सारे कसेबसे होते, पण नीट होत नाही.

हा खर्च लहान नाही. कळंबच्या एखाद्या गॅरेजवाल्या मिस्त्रीची, उमरग्याच्या शिंप्याची किंवा परंड्याच्या बागवानाची ती कित्येक महिन्यांची शिल्लक असते. आणि जो माणूस शेळी-बोकडाच्या बाजारात दोनदाती की चारदाती हे तोंड उघडून पाहिल्याशिवाय पैसे काढत नाही, तोच लॅपटॉपच्या दुकानात गेला की मुलाच्या तोंडाकडे पाहत उभा राहतो. मुलगा जाहिरातीकडे पाहतो. दुकानदार म्हणतो, "भाई, आय-फाईव्ह आहे, डोळे झाकून न्या." डोळे झाकून घेण्याची वस्तू बाजारात एकही नाही, हे आपणा व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

प्रस्तुत लेखकाचीही अशी फसगत झालेली आहे. काही वर्षांपूर्वी घरातील मुलीसाठी स्वस्तात मिळाला म्हणून एक चकचकीत, हलका लॅपटॉप घेतला. दुकानाचे नाव येथे देत नाही. खोक्यावर ६४ जीबी लिहिलेले होते. मोबाईलमध्ये ६४ जीबी असते, तेव्हा एवढे पुरेल असा हिशेब केला. विंडोजचे पहिले मोठे अपडेट आले आणि जागा संपली. पुढे ती मुलगी प्रत्येक अहवालाआधी अर्धा तास फाईली पुसत बसे. दुकानदार खोटे काही बोलला नव्हता. आम्हीच काही विचारले नव्हते.

तेव्हा विचारायचे काय, हे आधी पाहू. लॅपटॉपचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. विंडोजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तो इंटेल किंवा एएमडी या दोन कंपन्यांचा असतो. इंटेलचे आय-३, आय-५, आय-७ आणि एएमडीचे रायझेन-३, रायझेन-५, रायझेन-७ ही घराणी झाली. घराण्याचा आकडा मोठा म्हणजे माल चांगला असे ग्राहक धरून चालतो. पण घराण्याच्या नावापुढे आणखी एक नंबर असतो, तो कुणी वाचत नाही, आणि खरी ओळख त्यातच असते.

उदाहरण घ्या. आय-५ ७२००यू हा इंटेलच्या सातव्या पिढीचा, २०१६ सालचा प्रोसेसर. त्यात काम करणारे भाग, ज्यांना कोअर म्हणतात, ते दोनच. त्याच पिढीतल्या आय-७ ७५००यू मध्येही दोनच. पुढच्या वर्षी आठवी पिढी आली, तेव्हा आय-५ ८२५०यू मध्ये हे कोअर चार झाले. नाव तेच आय-५, ताकद जवळपास दुप्पट. आणि २०२२ सालच्या बाराव्या पिढीतील आय-३ १२१५यू मध्ये सहा कोअर आहेत, दोन मोठे आणि चार लहान. म्हणजे आज कुणी मोठ्या कौतुकाने जुना आय-७ पुढे केला, तर साधा नवा आय-३ त्याला सहज मागे टाकतो. पिढी ओळखण्याची रीत सोपी आहे. नंबर चार आकडी असेल आणि ७ किंवा ८ ने सुरू होत असेल, तर तीच पिढी. ११, १२, १३ ने सुरू होत असेल, तर अकरावी, बारावी, तेरावी. २०२३ च्या अखेरीपासून इंटेलने नव्या मालावरचे 'आय' अक्षर काढून नुसते कोअर ३, कोअर ५, कोअर अल्ट्रा असे लिहायला सुरुवात केली. त्यामुळे गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला, हे आमचे मत.

एएमडीच्या मालातही असाच एक खड्डा आहे. रायझेन-५ ५५००यू हा २०२१ सालचा. त्यात सहा कोअर आहेत आणि चित्र दाखवणारा भागही बऱ्यापैकी. रायझेन-५ ७५२०यू त्यानंतर आला, नंबर मोठा, स्टिकर नवे. पण कोअर चारच आणि चित्राचा भाग फारच दुबळा. ७ ने सुरू होणाऱ्या या नंबरांत तिसरा आकडा पाहावा. ७५२० मध्ये तो २ आहे, म्हणजे आतली रचना जुन्या घडणीची. ७५३० मध्ये तो ३ आहे, रचना त्यापुढची आणि कोअर सहा. दोन्हींच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'रायझेन-५' एवढेच असते. काऊंटरवर दोन्ही शेजारी ठेवलेले असले तर दहा आकड्यांचा फरक म्हणून कुणाचे लक्षही जात नाही.

सेलेरॉन एन४०२० किंवा एन४५०० हे दोन कोअरचे प्रोसेसर टंकलेखनाच्या सरावाला चालतील. तीन-चार वर्षांच्या पदवीला ते पुरत नाहीत.

दुसरी विचारणा मेमरीची, म्हणजे रॅमची. विंडोज ११ साठी कंपनीने कागदावर ४ जीबी पुरेशी म्हटली आहे, पण तेवढ्यात यंत्र फक्त सुरू होते, काम होत नाही. ८ जीबी ही खालची मर्यादा समजावी, १६ असेल तर उत्तम. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रॅम पुढे वाढवता येते का. काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते. वर सांगितलेला ७५२०यू त्याच जातीचा. जी सोल्डर केली, ती जन्मभर तेवढीच. दुसरीकडे एक खाच रिकामी असेल तर आज ८ जीबीवर घेऊन पुढच्या वर्षी ऐपतीप्रमाणे आणखी ८ घालता येतात. दुकानात यंत्र चालू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. जी खिडकी उघडते तिच्या परफॉर्मन्स या पानावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम, बहुधा किती खाचा भरल्या आहेत तेही, आणि डिस्क एसएसडी आहे का, हे सारे दिसते. दुकानदाराने हे पाहू दिले नाही तर पुढचे दुकान गाठावे. २०२५ च्या उत्तरार्धात जगभर मेमरीचे भाव भडकले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या संगणक केंद्रांनी माल उचलला. म्हणून शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी दिलेल्या भावावर अडून बसू नये. दोन-तीन ठिकाणी त्या दिवसाचा भाव विचारावा.

तिसरी विचारणा साठवणुकीची. ती एसएसडी असावी आणि ५१२ जीबी असावी. फारच ओढ असेल तर २५६. आमची फसगत झाली ती ईएमएमसी नावाच्या संथ, सोल्डर केलेल्या साठवणुकीने. २०२३ साली १६,४९९ रुपये किमतीने जिओबुक बाजारात आले, त्यातही ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसीच होती, शिवाय त्यावर विंडोज नव्हते. वाचन, व्हिडिओ, अर्ज भरणे याला ते ठीक. पण टॅली किंवा ऑटोकॅड ही विंडोजची कामे त्यावर करता येत नाहीत, आणि वाणिज्य किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तीच लागतात.

पडद्याविषयी एवढेच की १९२० बाय १०८० असा आकडा विचारावा. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर टॅलीचा तक्ता पाहताना दिवसभर खाली-वर सरकावे लागते.

आता खेळांचा विषय. बऱ्याच पालकांना 'गेम' हा शब्द ऐकला की मोबाईलवरचे पैसे लावून खेळायचे खेळ आठवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि तो खेळ निराळा. अठरा-वीस वर्षांचे पोर दिवसभर कॉलेज आणि संध्याकाळी दुकान करून तासभर मायनक्राफ्ट किंवा व्हॅलोरंट खेळत असेल, तर त्यावरून घरात महाभारत घडवण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की त्या तासाभरासाठी किती पैसे जादा द्यायचे.

आमचे उत्तर : एक रुपयाही नाही. मुले 'गेमिंग लॅपटॉप' मागतात तेव्हा त्यांना चित्रासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेले यंत्र हवे असते. ते महाग असते, बहुधा दोन किलोंहून जड असते, त्याचा चार्जर विटेएवढा आणि बॅटरी वर्गातले दोन-तीन तास संपायच्या आत मान टाकणारी. प्रोसेसरच्या आतच असलेला चित्राचा भाग चांगला निवडला तर हलके खेळ त्यावर चालतात. इंटेलमध्ये अकराव्या पिढीपासून आय-५ च्या बऱ्याच नंबरांत आयरिस एक्सई नावाचा भाग येतो. एएमडीत ५५००यू किंवा ७५३०यू मध्ये व्हेगा येतो. यांवर मायनक्राफ्ट, व्हॅलोरंट, अगदी २०१५ साली संगणकावर आलेला जीटीए-५ सुद्धा चित्राची प्रत थोडी खाली ठेवून चालतो. मात्र अशा एका जुन्या खेळालाच शंभर जीबीच्या आसपास जागा लागते, हे २५६ जीबीवाल्याने ध्यानात ठेवावे. यंदाचे नवे जड खेळ त्यावर चालणार नाहीत. चालले नाहीत तर बरेच, असेही एखादा बाप म्हणेल.

एक बारकावा येथे सांगितलाच पाहिजे, कारण तो थोड्या पैशांत मोठे काम करतो. हा आतला चित्रभाग स्वतःची मेमरी बाळगत नाही, तो रॅममधूनच उसनी घेतो. रॅमची एकच पट्टी असेल तर ती उसनवारी एका दारातून चालते, दोन पट्ट्या असतील तर दोन दारांतून. आयरिस एक्सईच्या लॅपटॉपला एकच पट्टी लावलेली असेल तर यंत्र त्याचे नावसुद्धा उतरवून नुसते यूएचडी असे दाखवते. म्हणून खेळ अडखळतो अशी मुलाची तक्रार आली, तर नवा लॅपटॉप नव्हे, दुसरी पट्टी घ्यावी. टॅली आणि ऑटोकॅडलाही तिचा फायदा होतो.

नवा परवडत नसेल तर जुना घ्यावा का? जरूर घ्यावा, पण जुन्या मोटारसायकलसारखा पारखून. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षे वापरलेले लेनोव्हो थिंकपॅड, डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक घाऊक विकतात आणि ते झाडून-पुसून पुण्या-मुंबईच्या बाजारातून आपल्याकडे येतात. यांची बांधणी मजबूत, कळफलक चांगला, सुटे भाग मिळतात. येथे एक लक्ष्मणरेषा मात्र आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ कंपनीच्या नियमाने इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे आणि लॅपटॉपच्या रायझेनमध्ये ३००० मालिकेपासून पुढेच बसते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचा माल ऑफिसांतून ढिगाने बाहेर पडला. तो स्वस्त दिसतो, कारण त्याचे आयुष्य सरलेले आहे. आडमार्गाने विंडोज ११ चढवून देणारेही भेटतील. तसल्या यंत्राला पुढची अपडेट मिळण्याची हमी नाही, आणि व्हॅलोरंटसारखे खेळ विंडोज ११ वर सुरक्षेचे जे भाग मागतात ते नसतील तर उघडतही नाहीत.

जुन्यात बॅटरी पाहावी. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश आणि लगेच बॅटरीरिपोर्ट असे इंग्रजीत टाईप केले की यंत्र एक अहवाल तयार करते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. आजची निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करावी. बिजागरी उघडझाप करून पाहावी. आणि सर्वांत महत्त्वाचे : बिल घ्यावे, त्यावर लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहून घ्यावा, तो यंत्राच्या पाठीवरच्या नंबराशी जुळवावा. सुरू करताना कुठल्या कंपनीचा पासवर्ड किंवा कुलूप येत असेल तर त्या व्यवहारातून उठावे. चोरीचा माल घरात आला तर पैसे तर जातातच, शिवाय ठाण्याच्या पायऱ्या शिकणाऱ्या मुलाला चढाव्या लागतात.

पैसे कसे द्यायचे? भिशीच्या पैशांतून रोख घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि ती रीत आम्हाला आजही सर्वांत चांगली वाटते. दुकानात मात्र 'बिनव्याजी हप्ते' पुढे केले जातात. व्याज टाळू पाहणाऱ्या वाचकांनी यातली मेख समजून घ्यावी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. त्यानंतर योजनेचे रूप बदलले. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांत बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो. कागदावर व्याज असतेच, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ग्राहकाच्या खात्यातून जातो. काही ठिकाणी प्रक्रिया शुल्क वेगळे. म्हणून दुकानदाराला सरळ विचारावे, "रोख दिले तर किती कमी करणार?" तो जेवढे कमी करील, तेवढी त्या 'बिनव्याजी' योजनेची किंमत समजावी.

बिल कुणाच्या नावाने करायचे, हाही व्यापाऱ्यांच्या घरातला प्रश्न आहे. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के. दुकानाच्या जीएसटी नंबरवर बिल केले की तो कर वळता करून घेता येतो, असा सल्ला अनेकजण देतात. तो वस्तू धंद्यात वापरली तरच खरा. मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या लॅपटॉपवर ही वजावट कायद्याने मिळत नाही, आणि कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला ती कशावरच मिळत नाही. यात आणखी एक तोटा लपलेला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार सहसा ग्राहक धरला जात नाही. स्वतःच्या उपजीविकेपुरता स्वयंरोजगार असेल तर गोष्ट निराळी. उद्या यंत्र बिघडून विक्रेत्याने हात वर केले, तर मुलाच्या किंवा आपल्या वैयक्तिक नावाचे बिल जिल्हा ग्राहक आयोगात सरळ चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तेथे फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. चार पैशांच्या वजावटीसाठी हा हक्क वादात घालणे आम्हाला पटत नाही.

दिवसा मुलाचा अभ्यास आणि रात्री दुकानाची टॅली असा दुहेरी वापर करणारी घरेही आहेत. तसे असेल तर विंडोजमध्ये दोन वेगळी खाती करावीत, पासवर्ड वेगळे ठेवावेत आणि दुकानाच्या हिशेबाची प्रत दर आठवड्याला पेनड्राईव्हवर काढावी. मुलगा वसतिगृहावर गेला की उधारीचे खातेही त्याच्याबरोबर जाते, हे पहिल्या सुट्टीनंतर लक्षात येऊन उपयोग नसतो. अभ्यासासाठी मात्र चोरीच्या सीडीवरून काही चढवण्याची गरज नाही. टॅली शिकण्यासाठी फुकटची शैक्षणिक पद्धत आहे, तिच्यात महिन्यातल्या ठराविक तारखांच्याच नोंदी होतात, पण सरावाला तेवढे पुरते. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना ओळख पटवून वर्षावर्षाने विनामूल्य मिळते. लिब्रेऑफिस सर्वांना फुकट आहे. विंडोज मात्र कंपनीने चढवलेलेच घ्यावे. 'डॉस' लिहिलेला लॅपटॉप स्वस्त पडतो, मग दुकानदार त्यावर बनावट विंडोज घालून देतो, आणि पुढचे व्हायरस आपल्या पदरी.

ऑनलाइन स्वस्त मिळते की गावात, असे विचारणारे विचारतात. आपणही दुकानदार आहोत, तेव्हा उत्तर थोडे पक्षपाती असेल. भाव मोबाईलवर जरूर पाहावा, तो दाखवून गावातल्या दुकानात घासाघीस करावी. हजार-पाचशेचा फरक राहिला तर गावातला घ्यावा, मात्र दोन गोष्टी बिलाआधी लिहून घ्याव्यात : कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र सर्वांत जवळ कुठे आहे, आणि वॉरंटीत माणूस घरी येतो की लॅपटॉप घेऊन आपल्याला जावे लागते. भूम-वाशीच्या माणसाने सोलापूरला दोन खेपा घातल्या तर वाचवलेले पैसे एसटीतच संपतात.

उन्हाळ्याविषयी चार शब्द. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर जातो. गादीवर, रजईवर ठेवून खेळ चालवला की खालची जाळी बंद होते. पिंजाऱ्याच्या किंवा वेल्डिंगच्या दुकानात बसून वापरायचा असेल तर कापसाचा आणि लोखंडाचा कीस पंख्यात जातो. वर्षातून एकदा तो जाणत्याकडून उघडून साफ करून घ्यावा. चार्जरची पिन तीन कांड्यांची असेल तर तिसरी कांडी मोडून दोनच्या सॉकेटात कोंबू नये. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला हात लावताच मुंग्या येतात त्या अर्थिंग नसल्यामुळे, हे वायरमन बंधूंना ठाऊकच आहे.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते पाहावे. माल दुकानात पडून राहिलेला असेल तर ती कधी कधी खरेदीच्या आधीच सुरू झालेली दिसते. बिलाचा फोटो पाठवला की कंपनी तारीख दुरुस्त करते. हे काम पहिल्या आठवड्यातच उरकावे आणि खोका वर्षभर माळ्यावर ठेवावा.